काळ्या बटणाचा खेळ

"सगळ्यांनी हात घालायचा. पण मी सांगेपर्यंत मूठ उघडायची नाही," मोठ्या बाई म्हणाल्या आणि कापडी पिशवी पहिल्या बाकापासून फिरायला लागली.

चौथीचा वर्ग एरवी मासळीबाजाराला मागे टाकायचा. आज सगळे चिडीचूप होते. धाकट्या बाई मागच्या बाकावर बसून बघत होत्या. शाळेतला त्यांचा हा पहिलाच दिवस. मोठ्या बाई निवृत्त झाल्या की हा वर्ग त्यांच्याकडे येणार होता, आणि 'बाईंचा गरिबीचा धडा एकदा बघाच' असं जो तो त्यांना सांगत होता.

"काळं बटण ज्याच्या हाती येईल तो आठवडाभर गरीब," मोठ्या बाई समजावत होत्या. "त्यानं डबा आणायचा नाही. नवीन काही वापरायचं नाही. ज्याला पांढरं मिळेल त्याच्याकडे सगळं आहे. त्यानं काळ्या बटणवाला शोधायचा आणि त्याला कळू न देता मदत करायची. आपलं बटण कुणाला सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही. हं, बघा आता, आणि परत पिशवीत टाका."

"बाई, काळी किती आहेत?" डॉक्टरांच्या लेकीनं विचारलं.

"ते सांगितलं तर मग शोधणार काय, माझं कपाळ?"

वर्ग खो खो हसला. शेवटच्या रांगेत एक किडकिडीत पोरगा होता. फुंकर मारली तर उडून जाईल म्हणून पोरांनी त्याचं नावच फुंकर ठेवलं होतं. त्यानं मूठ जराशी उघडली, आत डोकावला, आणि त्याचा चेहरा असा खुलला की धाकट्या बाईंनाही हसू आलं. पठ्ठ्याला काळं मिळालेलं दिसतंय, त्यांनी ताडलं. नाटकात काम मिळालं की मुलं अशीच हरखतात.

त्यांना आपला अंदाज खरा ठरल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी फुंकरकडे डबा नव्हता. "विसरलो," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशीही विसरला. पेन्सिल होती ती करंगळीएवढी. दप्तराचा बंद सुतळीनं बांधलेला. एवढंसं पोरगं, पण सोंग कसं चोख वठवतंय, असं धाकट्या बाईंना वाटलं.

बाकीचेही काही कमी नव्हते. डॉक्टरांची लेक मधल्या सुट्टीत डबा आपटत त्याच्यासमोर बसायची. "आईनं पुन्हा तेच दिलंय. कुणीतरी संपवा रे, नाहीतर घरी माझी खैर नाही!" वर्गातला खादाड पोरगा, ज्यानं जन्मात कुणाला घास दिला नव्हता, तो डबा पुढे सरकवून म्हणायचा, "माझं पोट बिघडलंय." म्हणताना आवंढे गिळायचा. ते बघून धाकट्या बाईंचा ऊर भरून यायचा.

एकदा डॉक्टरांची लेक कंपासपेटीच घरी विसरली. फुंकरनं आपली पेन्सिल दातांनी मोडली, अर्धा तुकडा हळूच तिच्या वहीखाली सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसला. गरिबाचं सोंग घेतलेल्या पोराला हेही सुचावं, याचं धाकट्या बाईंना फार कौतुक वाटलं.

गुरुवारी मोठ्या बाईंनी विचारलं, "नाव कुणाचं घ्यायचं नाही. पण काय काय दिसलं?"

"बाई, जो विसरलो म्हणतो, तो रोजच विसरतो."

"गरीब मूल भांडखोर होतं, बाई. उगाच चिडतं."

"सुट्टीच्या आधी गणितं चुकतात," खादाड म्हणाला, "सुट्टीनंतरची बरोबर येतात. आधी सगळं लक्ष पोटात असतं ना."

कुणीही हसलं नाही. धाकट्या बाईंनी मनातल्या मनात मोठ्या बाईंना हात जोडले. एवढं तर त्यांना स्वतःला कॉलेजातही कुणी शिकवलं नव्हतं.

पण शुक्रवारी, मधल्या सुट्टीच्या आधी, खेळाच्या तासाला फुंकर मैदानावर चक्कर येऊन पडला.

धाकट्या बाई तडक शिक्षकांच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाई कुणाचा तरी शाळेचा सदरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. न बघताच त्यांनी पिशवीत हात घातला, एक पांढरं बटण काढलं आणि शिवायला घेतलं.

"राग मानू नका बाई, पण एका लेकराला उपाशी ठेवून बाकीच्यांना शहाणं करायचं, हे मला पटत नाही."

"उठून बसला का तो?"

"बसलाय. डॉक्टरांच्या लेकीनं अख्खा डबा त्याच्यापुढे ठेवलाय."

"खातोय?"

"खातोय. पण बाई..."

"लाजतोय का गं?"

"नाही. उलट तिलाच सांगत होता, तुला काही कमी पडलं तर मला सांग म्हणून."

मोठ्या बाईंचा सुईवरचा हात थांबला. डोळे पाणावल्यासारखे झाले. मग त्या पुन्हा टाके घालू लागल्या. "सोमवारी परत खेळू."

आता मात्र धाकट्या बाईंच्या रागाचा पारा चढला. ज्यांना आठवडाभर मनोमन डोक्यावर घेतलं, त्या बाई इतक्या कोरड्या? "खेळा खुशाल. पण काळ्या बटणांशिवाय. ती मी आत्ता काढून टाकते. नाही म्हणालात तर मी मुख्याध्यापकांकडे जाईन."

"काढ की," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी दातानं दोरा तोडला आणि पिशवी पुढे सरकवली.

धाकट्या बाईंनी पिशवी टेबलावर पालथी केली. बटणं घरंगळत चहूकडे पसरली. त्यांनी ती तळहातानं सारखी केली, खाली पडलेली वेचली, पिशवी उलटी करून शिवणीही चाचपल्या.

सगळी बटणं पांढरी होती.