आधी पाणी मार

खडी क्रशरवर वीस वर्षं राबलेल्या यल्लूबाईंना धाप लागायची. टीबीच्या गोळ्यांनी गुण आला नाही. शेवटी स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुप्फुसांत दगडाची धूळ बसलीय. ती निघणार नाही. खडीवर पाणी मारलं असतं, तर उडाली नसती."

दुसऱ्या सकाळी यल्लूबाई ऑक्सिजनचं सिलिंडर ओढत क्रशरवर गेल्या आणि यंत्रासमोर बसल्या.

"मावशी, उठा. काम खोळंबलंय," मुकादम ओरडला.

"आधी पाणी मार."

"तुम्हाला आता त्याचा काय उपयोग?"

"मला नाही. माझी सून इथंच पाट्या उचलते."

मुकादमानं सुनेकडं पाहिलं. सून पाटी टाकून सासूशेजारी बसली. मग एकेक करत साऱ्याजणी बसल्या.

मुकादमानं मालकाला फोन लावला. "साहेब, टँकर पाठवावा लागेल."

"रोज लागेल म्हणून सांग," यल्लूबाई म्हणाल्या.