सांध्यातला रंग

"अगं, सांध्यात रंग घालू नकोस!" म्हातारा खुर्चीतूनच ओरडला. "फळ्या एकमेकींना चिकटतील. मग दार उघडायचं कसं? माझं डोकं आपटून?"

मुलीने मागे वळूनही पाहिलं नाही. गॅरेजच्या दाराच्या दोन आडव्या फळ्यांमधल्या फटीत तिने ब्रश खुपसला आणि रंग अगदी ठासून भरला. सकाळपासून हे असंच चाललं होतं.

चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवलेल्या माणसाला हे बघवेल कसं? डब्यात नुसतं डोकावून तो रंगात काय किती मिसळलंय ते सांगायचा. पण दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले आणि ब्रश सुटला. गाडीचं स्टिअरिंग मात्र अजून घट्ट धरता येतं, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगायचा.

"निदान ओलं आहे तोवर दार एकदा वरखाली कर."

"करते."

"करते, करते! तासभर तेच ऐकतोय. उद्या दहाला मला पत्ते खेळायला जायचंय. गाडी बाहेर काढायचीय."

"माहीत आहे, बाबा."

माहीत असायलाच हवं. चार दिवस ती गाडीच्या किल्लीसाठी हात धुऊन मागे लागली होती. किल्ली माझ्याकडे द्या, कुठे जायचं ते सांगा, मी सोडत जाईन. का, तर संध्याकाळी परतताना गाडी म्हणे जराशी फाटकाला घासली! हेही त्यानेच आपण होऊन सांगितलेलं, जेवताना, सहज. आपल्याच तोंडाने घात केला. मी काय कुक्कुलं बाळ आहे, असं विचारून त्याने ताट सरकवलं होतं आणि तेव्हापासून दोघांत धड बोलणं नव्हतं. आज रविवारचं तिने स्वतःहून दार रंगवायला घेतलं, तेव्हा त्याला वाटलं होतं, चला, राग गेला वाटतं.

समोरच्या घरातली शिवणकामवाली बाई रस्ता ओलांडून आली. तिचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"काय काका, लेकीला कामाला जुंपलंत?"

"काम कसलं, वाट लावतेय दाराची. तुझा हात काय म्हणतो?"

"हाडं जुळतील म्हणतात. बोटं पहिल्यासारखी चालतील की नाही, ते डॉक्टरही सांगत नाहीत." ती हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. "शिवायला आलेले सगळे कपडे परत केले. दुसरं मला येतंय काय?"

म्हाताऱ्याचं टाळकंच फिरलं. "सापडला का तो हरामखोर?"

"कुठला सापडतोय! कोपऱ्यावर मागून सायकलला धक्का देऊन गेला. अंधारून आलं होतं, गाडी धड दिसलीही नाही."

"आणि थांबलाही नाही! अशांना चौकात उभं करून बदडलं पाहिजे. बाई रस्त्यात पडलीय आणि हा आपला चालला घरी! जेवण तरी कसं गेलं असेल मेल्याच्या घशाखाली?"

मुलीचा ब्रश थांबला होता. मग तो पुन्हा चालू लागला, आधीपेक्षा जोरात.

"सायकल सरळ करून आण," म्हातारा बाईला म्हणाला. "रंगाचं मी बघतो."

"पण तोच द्या हं काका. तो दुकानात कुठेच मिळत नाही."

"मिळेल कसा? तीन डब्यांच्या तळाचा रंग घोटून केला होता तुझ्यासाठी." बाईच्या भिंतीला टेकलेल्या, पुढचं चाक वाकलेल्या हिरवट निळ्या सायकलीकडे त्याने हात केला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं.

बाई गेली. वळून बघतो तर मुलगी लांबीचा डबा उघडून बसलेली. भिंतीच्या भेगा बुजवायची लांबी ती पत्तीने दाराच्या खालच्या फटीत लिंपत होती.

"अरे देवा! लांबी? दाराच्या फटीत?" म्हातारा उठलाच. "अक्कल गहाण ठेवलीस का? हे दार आता जन्मात उघडायचं नाही!"

तो तरातरा जवळ गेला आणि दाराच्या कडीपाशी थबकला. कडीभोवतीचा रंग एकाच फटकाऱ्यात ओढलेला होता. चिकटपट्टी न लावता, आणि पितळेवर एक ठिपकाही नाही. असा हात त्याचा होता, आणि त्याने शिकवलेल्या एकाच माणसाचा. चौदाव्या वर्षी ही पोर अख्ख्या घराच्या खिडक्या एकटी रंगवायची.

"तू हे मुद्दाम करतेयस."

"हो."

"माझी गाडी आत कोंडतेस? बापाची? फाटकाला एक ओरखडा काय गेला..."

"फाटक पांढरं आहे, बाबा."

ती उभी राहिली. इतकी संतापलेली त्याने तिला कधीच पाहिली नव्हती.

"म्हणजे?"

"गाडीवरचा ओरखडा मी सकाळी घासला. तुम्हाला दाखवायला." तिने खिशातून पॉलिश पेपरची घडी काढून त्याच्या थरथरत्या तळव्यावर ठेवली. "रंग ओळखता ना तुम्ही? ओळखा."

म्हाताऱ्याने घडी उलगडली. आत चिमूटभर हिरवट निळी भुकटी होती, दुकानात कुठेच न मिळणारी.