१४२८५७

बिबवेवाडीतले निवृत्त गणित शिक्षक दिगंबर जोगळेकर घरच्यांचा ग्रुप चाळत होते. एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला होता: "१४२८५७ ला दोनपासून सहापर्यंत कशानेही गुणा, तेच आकडे नुसती जागा बदलतात. मी करून पाहिलं. किती गंमत ना!"

सरांनी लगेच लिहिलं, "शोधाबद्दल अभिनंदन! आमच्याकडे हे पाचवीतल्या पोरांना येतं. सातने गुणायच्या आत पाटी संपली वाटतं?"

पाठवताक्षणी स्वयंपाकघरात 'टिंग' वाजलं आणि पोळ्या लाटण्याचा आवाज थांबला. लेकीने कालच आईला फोन घेऊन दिला होता, हे सरांना आत्ता आठवलं. मेसेज पुसायला अंगठा धडपडू लागला.



"राहू द्या," आतून मंदाकिनीबाई म्हणाल्या, "वाचला मी."