बदामाचा पाव

"चरबी पुन्हा वाढलीय." डॉक्टरांनी अहवाल टेबलावर टाकला. "खरं सांगा, लपून काय खाता?"

धाकट्याचे कान तापले. "देवाशपथ, काही नाही हो."

मागे उभ्या वहिनीने तोंड फिरवलं. तिच्या नवऱ्याचं यकृत पार कामातून गेलं होतं. तुकडा काढून द्यायचा तर जुळणारं यकृत घरात एकाचंच, या दिराचं. पण त्यावर चरबी चढलेली. ती उतरल्याशिवाय हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

धाकटा बस चालवायचा. दिवसभर बूड हलायचं नाही आणि तोंड थांबायचं नाही. दादाचे डोळे पिवळे पडले तसा त्याने आदिमानवाचा आहार धरला. मांस, मासे, अंडी, पाला, कंद, फळं. धान्य बंद, दूध बंद, साखरेचं नाव नाही. सुरुवातीला डोकं ठणकलं, पोट साफ होईना, प्रवाशांवर उगाच खेकसला. मग अंग हलकं झालं. जिना चढताना धाप लागेना. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

डॉक्टर खूश झाले. "असंच चालू द्या. पुढच्या खेपेला शस्त्रक्रियेची तारीख देतो."

तेव्हा दादाने एकच विचारलं होतं. "देणाऱ्याला काही होत नाही ना?"

"क्वचित होतं. जीवही जातो कधी. खोटं कशाला सांगू?"

"गेला तर गेला," धाकटा म्हणाला. दादा नुसता खिडकीबाहेर बघत बसला.

दादाची बेकरी होती. एवढा खंगला तरी सकाळी भट्टीपाशी जाऊन बसायचाच. "काय गुहावाले, आज हरीण सापडलं का?" म्हणून धाकट्याची खेचायचा. मग एक दिवस त्याने गरम पाव भावाच्या हातात ठेवला.

"नुसत्या पाल्यावर बस चालवशील आणि कुणाला तरी उडवशील. बदामाच्या पिठाचा आहे. गोडवा खजुराचा. तुझ्या आदिमानवाची हरकत नाही, विचारलंय मी त्याला."

धाकट्याला भरून आलं. स्वतः मरणाच्या दारात, आणि काळजी कुणाच्या पोटाची! त्या दिवसापासून दादा रोज त्याच्यासाठी पाव भाजायचा, आणि तो कणही सांडू न देता खायचा.

आणि आता हा अहवाल.

"भाऊजी," बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "घाबरला असाल तर तोंडाने सांगा. माझ्या माणसाला आशेवर का झुलवताय?"

घाबरला तर तो होताच. पोटावर सुरी फिरणार या विचाराने त्याला दरदरून घाम फुटायचा. पण म्हणून चोरून खाल्लं? सकाळी अंडी, दुपारी मासे, संध्याकाळी पाला आणि दादाचा पाव. यात चोरी कुठली? त्याने मासे निम्मे केले, बस लावून घरी पायी यायला लागला. तरी पट्टा पोटाला काचतच गेला. बायकोसुद्धा डबा उघडून वास घेऊ लागली. तो आतल्या आत जळत राहिला.

दादाला दवाखान्यात हलवलं तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली. आता कुणी यकृत दिलं तरी त्याला शस्त्रक्रिया झेपणार नव्हती.

वहिनी दारातच आडवी आली. "तोंड दाखवू नका मला."

"येऊ दे त्याला," आतून दादाचा आवाज आला. "तू जरा बाहेर थांब."

धाकट्याने खाटेशी बसून त्याचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडला. "दादा, मी एक घासही चोरून खाल्ला नाही रे. तुला तरी पटतंय ना?"

"पटतंय की." दादाने त्याच्या केसांतून हात फिरवला. "एक कर. तुझ्या वहिनीला कधी कळू देऊ नकोस. त्या पावात मैदा होता, आणि साखर."