सोमारीबाईचं जोडकार्ड

सोमारीबाईनं उत्तरासाठी कोरा भाग जोडलेलं जोडकार्ड पाठवलं, त्याला मी पाच वर्षं उत्तर दिलं नाही. त्र्याऐंशी साली तिचं गाव धानकापणीला गेलेलं असताना आमच्या कॉलेजच्या मुलांनी शिबिरात तिथल्या नाल्यावर बंधारा बांधला. मोहाच्या झाडाखालचे उभे दगडही त्यात घातले. ते मेलेल्यांच्या नावानं रोवलेले असतात, हे आम्हा शिकलेल्यांना ठाऊक नव्हतं. तिनं कार्डावर गावातल्या गुरुजींकडून लिहवून घेतलं होतं, "सर, बंधारा राहू द्या. माह्या बापाचा तांबडा दगड कुठी बसवला, तेवढं सांगा. तांदूळ तिथीच वाहीन." प्राचार्य म्हणाले, "शिबिराला बक्षीस मिळालंय. उगाच कशाला उकरता?" मी कार्ड खणात ठेवून दिलं. पुढे माफीचे किती मसुदे लिहून फाडले! प्रत्येकात माझंच दुःख लांबायचं, दगड राहूनच जायचा. आज स्वतःवरच चिडून जोडकार्डाच्या कोऱ्या भागावर लिहिलं, "डावीकडून चौथा, वरच्या ओळीत. मीच बसवला होता," आणि तो कापून टपालपेटीत टाकला.