उन्हात टाकलेली गादी

आईने किटलीतलं उकळतं पाणी दिवाणाच्या सांध्यात ओतलं आणि वाफेत डोकं घालून पाहिलं.

"मेले का?" बाबांनी शिडीवरून विचारलं.

"हळू बोला. शेजारी कान टवकारूनच बसलेत."

बाबा खिडकीच्या फटीत लांबी भरत होते. थंडीच्या तोंडावर दरवर्षी ते घराची एवढी डागडुजी करत. पन्हळीतला पाला काढायचा, फटी बुजवायच्या, बिजागऱ्यांना तेल द्यायचं. यंदा मात्र ही कामं त्यांना सक्तमजुरीसारखी लागली होती, कारण आईच्या लेखी गुन्हेगार तेच होते. ऑफिसने जुनं फर्निचर काढलं तेव्हा एक गुबगुबीत खुर्ची त्यांनी हौसेने घरी आणली, आणि थोड्याच दिवसांत घरात पहिला ढेकूण दिसला.

"मी ती खुर्ची उसवून पाहिली," बाबा म्हणाले. "एकही नाही सापडला."

"ते काय तुम्हाला सांगून राहणार आहेत?"

खुर्ची अंगणात उन्हात पडली होती. शेजारी गादी होती. आई तासातासाने जाऊन ती उलटत होती.

"आई, बाजारातलं औषध मार ना एकदाचं," लेक म्हणाली.

"आणि त्याचा वास? त्या मेट्रन आहेत. दारातच ओळखतील. औषध मारायचं म्हणजे दवंडी पिटायची."

लेकीने मुलगा स्वतःच पसंत केला होता, आणि तो आईबाबांनाही आवडला होता. पण त्याची आई मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. चादरीवर सुरकुती दिसली तर तिच्या वॉर्डातल्या नर्सेस रडकुंडीला येतात, असं तो हसत हसत सांगायचा. आईला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. उद्या मेट्रनबाई पहिल्यांदाच घरी येणार होत्या. त्यांनी नाक मुरडलं तर मुलगा त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही, हे लेकही जाणून होती.

त्यात आणखी एक गोष्ट आईला आतून खात होती. मध्यंतरी शेवटची गाडी चुकली म्हणून मुलगा याच दिवाणावर झोपला होता. सकाळी चहा पिताना तो सारखा मनगट खाजवत होता. तेव्हा तिने डास असतील म्हणून सोडून दिलं. आता ते आठवलं की धरणीने पोटात घ्यावं असं तिला होई. होणारा जावई, आणि आपण त्याला ढेकणांच्या तोंडी दिलं. त्याने घरी जाऊन सांगितलं असणारच.

संध्याकाळपर्यंत खोळी उकळून झाल्या. सांध्यांत साबणाचं पाणी आणि लवंगेचं तेल गेलं, गादीखाली वाळलेला कडुलिंबाचा पाला. वर आईने पांढरी खोळ चढवली.

"पांढरी नको," लेक म्हणाली. "सगळं दिसतं तिच्यावर."

"म्हणूनच पांढरी. लपवायला काही नाही असं वाटलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई एकट्याच आल्या. उंच, ताठ, आणि आईला वाटलं होतं त्यापेक्षाही स्वच्छ. दारातच थांबून त्यांनी साडीच्या निऱ्या झटकल्या. स्वेटर काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, आणि पर्ससकट ती बाहेरच्या खिळ्याला अडकवली.

"अहो, आत आणा ना," आई म्हणाली.

"नको. इथेच बरी."

आईचा चेहरा पडला. म्हणजे पोराने सगळं सांगितलंय.

"बसा, दिवाणावर बसा."

"मला लाकडी खुर्ची चालेल. पाठ धरते माझी."

पण बाबांना अशा वेळी काही म्हणजे काही कळत नसे. त्यांनी इतका आग्रह केला की मेट्रनबाईंना दिवाणाच्या अगदी कडेला टेकावंच लागलं. मग बोलणं सुरू झालं. मुलाची नोकरी, लेकीची नोकरी, यंदाची थंडी. मेट्रनबाई जेवढ्यास तेवढं बोलत होत्या आणि त्यांचे डोळे खोळीच्या शिवणीवरून फिरत होते.

आईने चहाचा कप पुढे केला आणि तिचा हात तिथेच थांबला.

पांढऱ्या खोळीवर, मेट्रनबाईंच्या साडीला लागून, एक तपकिरी ठिपका चालला होता.

मेट्रनबाईंनीही तो पाहिला. बोलता बोलता त्यांनी त्यावर रुमाल टाकला, चिमटीत दाबला आणि रुमालाचा बोळा मुठीत धरला. वाक्य त्यांनी पुरं केलं. फक्त चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

आईला वाटलं, या बाईने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ही सभ्यता सोसवत नव्हती. एवढी वर्षं घासूनपुसून ठेवलेलं घर, आणि पाहुणीने आपली घाण रुमालात झाकून घ्यावी. तिला लेकीकडे बघायचीही शरम वाटली.

मेट्रनबाईंनी चहा अर्धाच ठेवला आणि त्या उठल्या.

"ताई, जरा आत येता? तुमच्या एकटीशी बोलायचंय."

लेकीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. बाबांनी बिस्किटांची बशी उगाचच सरळ केली.

स्वयंपाकघरात आईने दार लोटून घेतलं. त्यांनी बोलायच्या आत आपणच चूक पदरात घ्यावी, असं तिने ठरवलं होतं.

"लेकीची यात काही चूक नाही हो," ती म्हणाली. "शिक्षा द्यायची तर मला..."

"आधी माझं ऐका. नाहीतर मला धीर व्हायचा नाही." मेट्रनबाईंची मान खाली होती. रुमालाची मूठ त्यांनी पाठीमागे धरली होती. "तो इथे मुक्काम करून गेला, हे मला परवाच कळलं. तेवढी त्या दिवाणावरची गादी उन्हात टाका, ताई. आमच्या घरात ढेकूण झालेत, आणि वासाने शेजाऱ्यांना कळेल म्हणून मला औषधही मारता येत नाही."