साईचा चुडा

गिताबाईच्या दारात मांडव पडला, आंब्याचे डहाळे बांधून झाले, तरी बिबीजानला बोलावणं आलं नाही. ती सकाळपासून बांगड्यांची पेटी पुसून उंबऱ्यात बसली होती. साईच्या मापाचा हिरवा चुडा तिनं कधीचाच बाजूला काढून ठेवला होता. निमोण्यात नवरीचा चुडा भरावा तर बिबीजाननंच. हात जाडजूड असो की हाडकुळा, ती असा काही दाबायची की बांगडी मनगटात उतरली तरी पोरीला पत्ता लागायचा नाही. गिताबाईचं घर तर भिंतीला भिंत लागून. तिची साई पहिलं पाऊल टाकायला शिकली ती ही पेटी धरूनच.

"येतील बोलवायला, गडबडीत आसतील," नवरा अमजद म्हणाला.

संध्याकाळी गिताबाई परसात आली. बिबीजानला पाहिलं, पदर नाकावर ओढला आणि पाठ फिरवून आत गेली.

बिबीजान काही रडूबाई नव्हती. छातीत कॅन्सरची गाठ निघाली, पुण्याच्या दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली, आणि तोच लॉकडाऊन लागला. ऑपरेशनचा अख्खा मजला कोरोनाच्या पेशंटांना गेला. डॉक्टरांनी तोवर गोळ्या दिल्या आणि थांबायला सांगितलं. आळी हबकली, पण ही बाई उलट आळीलाच हसवायची. "सरकारनं समद्यांना घरात बसवलंय. ह्या गाठीलाबी कुणीतरी सांगा, जागची हलू नगंस म्हणावं!" तळेगावचा बाजार बंद पडला, धंदा बसला, पण पेटीवर तिनं धूळ बसू दिली नाही. दुसरी तारीख मिळाली तर ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत कोरोना निघाला. ना ताप, ना खोकला, तरी पुन्हा घरी. तेव्हा मात्र तिनं गिताबाईला भिंतीवरून सांगितलं होतं, "गाठ वाढतीया गं. हाताला लागतीया." आता तिसरी तारीख आली होती, साईच्या लग्नानंतरच्या आठवड्यातली. यापुढं लांबवून चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून मंगलाष्टकं ऐकू आली. नवरा दौंडकडचा, कासुर्डीचा. अक्षता टाकायलासुद्धा कुणी हाक मारली नाही. बिबीजानला त्याचा एकच अर्थ लागला. कॅन्सरच्या बाईचा हात नवरीला लागायला नको, अपशकुन होईल! शिरूरच्या दुकानातून आणला असेल चुडा. तिनं साईच्या बांगड्या पेटीत परत ठेवल्या आणि झाकण लावलं.

"गाठीनं न्हाई मारलं मला," ती अमजदला म्हणाली, "शेजाऱ्यांनी मारलं." इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच रडली.

ऑपरेशन वेळेवर झालं. गाठ पसरली नव्हती. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एक व्यायाम शिकवला. भिंतीपाशी उभं राहायचं, बोटांनी भिंत चढत हात वर न्यायचा, रोज कालच्यापेक्षा थोडा वर. नाहीतर हात आखडणार. बिबीजाननं दवाखान्यात तो इमानेइतबारे केला आणि घरी येऊन सोडून दिला. ऑपरेशन उजव्या बाजूचं, आणि बांगड्या भरायचा हातही तोच. तो पोटाशी धरून ती नुसती बसून राहायची. अमजदनं हातापाया पडून पाहिलं.

"कशाला हलवू?" ती म्हणायची. "कुणाला पायजे हा हात?"

नागपंचमीला साई माहेरी आली आणि आपल्या घरी न शिरता थेट बिबीजानच्या अंगणात आली. तोंडाला मास्क, दोन्ही हात पदराखाली. मागं गिताबाई. बिबीजान जागची उठली नाही.

"या नवरीबाई. शिरूरच्या बांगड्या बऱ्या बसल्या का?"

साईनं पदराखालून हात काढले. कोपरापासून मनगटापर्यंत काचेचा तुकडा नव्हता.

नवी नवरी आणि मोकळे हात! असल्या रोगराईच्या दिवसांत बिबीजानच्या मनात भलतंच आलं. तिनं घाबरून साईच्या गळ्याकडं पाहिलं. मंगळसूत्र जागेवर होतं.

"मग वाढवल्यास का गं बांगड्या?"

"भरल्याच न्हाईत, मावशी. नुसतं हळकुंड बांधून बोहल्यावर हुभी राह्यले. सासू लई बोलली. बोलू दे. चुडा भरीन तर तुझ्या हातचा."

"मग बोलवायचं न्हाई व्हय? दारातच बसले व्हते की मी!"

"बसली व्हतीस, म्हणून तर तिकडं बघवना मला," गिताबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "घर पुण्या-मुंबईच्या पाव्हण्यांनी भरलं व्हतं. बोलावलं आसतं तर तू आली आसतीस. येऊ नगं म्हणून सांगितलं आसतं, तरीबी तू आली आसतीस. आन् पुन्हा तपासणीत कोरोना निघाला आसता तर तिसरी तारीखबी गेली आसती. म्हटलं, रुसली तर रुसू दे. जित्ती ऱ्हायली तर समजूत काढता यील."

बिबीजाननं पेटी ओढायला उजवा हात लांबवला. कळ आली आणि हात अर्ध्यावरच थांबला.

"घाई न्हाई, मावशी," साई म्हणाली. "तुझा हात बरा होईस्तवर मी अशीच हिंडीन."

बिबीजान उठली. पेटी तिथंच ठेवून भिंतीपाशी गेली.

"सासूला सांग, गौरी यायच्या आत भरते चुडा," ती म्हणाली, आणि दातओठ खात एकेक बोट भिंतीवर वर चढवू लागली.